बोट

बामणोलीला पाहुणे बोटीत पाय टाकतात
आणि आधी तो डबा बघतात,
इंजिनाशेजारी, खताच्या पिशवीत गुंडाळलेला, बिस्किटांचा.
"काय आणलंय खायला, मावशी?"
काही नाही. तो न उघडलेलाच बरा.

झाकणाला आतून तेलरंगानं दोन नंबर:
दवाखाना, आणि जीपवाले उतेकर.
शेंबडीच्या वळणाला फोनवर दोन काड्या येतात,
पुढं नुसतं पाणी.
आम्ही पाणी मैलांत मोजत नाही, डिझेलात मोजतो.
वासोट्याच्या पायथ्यापासून धक्क्यापर्यंत नव्वद मिनिटं.
रक्ताला कोण सांगणार, जरा दम धर?

म्हणून गॉज. म्हणून उकळून वाळवलेल्या धोतराच्या पट्ट्या.
मिठासाखरेच्या पुड्या, उन्हानं गरगरणाऱ्यांसाठी.
कात्री सुतळीनं कडीला बांधलेली,
कारण आमच्या घरात कात्री आणि नवरा
वेळेला सापडत नाहीत.

गेल्या माघात इचलकरंजीचं एक कुटुंब होतं.
परतताना बोट खडकावरून ढकलायला
बाप हौसेनं खाली उतरला.
पाणी हललं. बोट मागं आली.
बोट आणि बोट. नाव एकच,
पण दोघांची गाठ खडकावर पडू नये.

कुणी म्हणालं हळद. कुणी तंबाखू मळायला घेतली.
मी डबा उघडला आणि तशीच बसले.
वर्षभर भरत होते, पुसत होते,
आणि आता माझे हात आत जाईनात.

तनुजानं तो माझ्या मांडीवरून ओढला.
आठवीतली पोर.
पावसाळ्यात बोटी बंद असताना
उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिला पट्टी शिकवली होती,
दुधी भोपळ्यावर. (दुधी आम्ही नंतर खाल्ला.)
तिनं दाबलं. पहिलं कापड भिजलं, ते न काढता
वर दुसरं ठेवलं आणि दाबतच राहिली.
"काका, हात वर.
उत्तर येत असल्यासारखा."

नव्वद मिनिटं तो माणूस हात वर करून बसला.
दंड भरून आला तेव्हा बायकोनं कोपर धरलं.
त्यांचा लहानगा, काही न कळून,
त्यानंही हात वर केला,
आणि कुणी खाली घे म्हणालं नाही.
ह्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही,
इंजिनाचा आवाज तेवढा वाढवला.

आता निघायच्या आधी मी उभी राहते.
जाकिटाचा पट्टा ओढून बघा. हात काठाच्या आत.
ढकलाढकली आमच्यावर सोडा.
लोक हसतात, माझा फोटो काढतात.
काढोत.

त्याच आठवड्यात मेढ्याच्या बाजाराला गेले होते.
गॉज दोन. चिकटपट्टी.
आणि एक दुधी,
माझ्या हातांसाठी.