दोन नंबरची खडी

पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी,
तोंडाशी नाडी, आत रोज पाच वस्तू.
हात घालायचा, डोकवायचं नाही.
नाव सांगायचं नाही, नुसतं वर्णन,
नाव वर्गानं ओळखायचं.
बरोबर आलं की एक चिंचोका.

तुर्भे स्टोअरमागची शाळा, दुसरी ब.
खिडकी उघडली की डंपर,
लावली की उकाडा.
आम्ही डंपर निवडतो.

आफरीन म्हणाली, दात आहेत पण चावत नाही,
अम्मी रविवारी माझ्या डोक्यातून फिरवते.
"फणी!" तिघं एकदम. चिंचोका एक. भांडण.
सोहमनं बुचाला बाटलीची टोपी म्हटलं,
मी फळ्यावर तसंच राहू दिलं.

मग दुर्गप्पा.
जूनपासून मोजून सात-आठ शब्द बोललेला.
स्टाफरूममध्ये विचारतात,
काय म्हणतो तुमचा दगड?
एकदा मीही हसले होते.

हात कोपरापर्यंत पिशवीत.
घाई नको, म्हटलं.
त्याच्यासाठी मुद्दाम सोपं ठेवलेलं,
गेटबाहेरच्या ढिगातून उचललेलं.
कार्डावर चित्रही आहे, राखाडी,
खाली तीन अक्षरं, ना काना ना मात्रा.

तो म्हणाला,
मशीनचं आहे. हातानं फोडलं असतं
तर एक बाजू सपाट आली असती.
माती नाही, म्हणजे वरच्या थरातलं नाही.
स्लॅबला चालेल. रस्त्याला बारीक पडेल.

वर्ग गप्प.
बऱ्याच वेळानं सोहम, चाचरत, "दगड?"
दुर्गप्पानं मान हलवली.
"दोन नंबरची खडी."

एकच की ते, सोहम म्हणाला.
एकच कसं?
डबर वेगळा, गोटा वेगळा,
कपची, ग्रिट, कच,
आणि भुकटी, ती आईच्या केसांत असते.

मी लिहीत गेले, खडू मोडला, तरी लिहीत गेले.
डबर.
त्यालाही काना नाही, मात्रा नाही.
चिंचोके किती द्यायचे ते ठरेना,
डबीच त्याच्यापुढे सरकवली.

आज पिशवी त्यानं भरून आणली.
नाडी ओढवत नव्हती इतकी जड.
बाई, आता तुम्ही.

बोटांना सगळं सारखंच लागतंय,
थंड, टोकेरी, नखात धूळ.
चौतीस जण माझ्या कोपराकडे बघतायत.
एक चिंचोका त्याच्या मुठीत.

घाई नको, म्हणाला.