पन्नासावर

प्रज्योत मुचंडीकर सीपीयू घेऊन आला
गाडीच्या पुढ्यात, पोत्यात गुंडाळून,
जसं आजारी शेरडू आणावं डॉक्टरकडं.
"अक्का, अडकालंय बघ.
साठ दाखवतंय, आणि अडकालंय."

वडगावात माझं दुकान.
बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी, दोन्हीत एकेक चूक.
पाठच्या भिंतीपलीकडं भरमाण्णा ढवळींचे चार माग.
गिऱ्हाईक विचारतं, डोकं नाही का दुखत?
बंद पडले की दुखतं.

लावलं. घोडेस्वार निघाला माळावरनं,
मान वळवली तसं
घोड्याचं डोकं पुढं, धड बोटभर मागं,
मधोमध आडवी चीर,
पडदा निम्मा आत्ताचा, निम्मा मघाचा.
चीर बुजवायची सोय असते, एक टिचकी.
मारली. चीर गेली,
पण आता घोडा दर चार पावलांना
घरी काही विसरल्यासारखा थांबायला लागला.

आधी सोपं ते बघितलं.
रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी,
बसवायच्या होत्या एक घर सोडून.
पंख्यात मांजराचे केस.
वीज वाचवायचा मोड, बिल येतंय म्हणून आईनं लावून घेतलेला.
थोडं सुधारलं. थोडंच.

मग टिचकी काढली, कोपऱ्यातला आकडा सोडला
आणि रेघ उघडली,
एकेका चित्राला किती वेळ लागला त्याची.
सोळा, नऊ, अकरा, एकेचाळीस, नऊ, चौदा.
सरासरी काढा: बरोबर साठ.
तो एकेचाळीस तिच्यात कुठं पुरला
पत्ता लागत नाही.

भरमाण्णा चार्जर मागायला आले,
रेघ बघून दारातच थबकले.
"कुणाचा ईसीजी गं?"
सांगितलं. कळलं नसावं. तरी म्हणाले,
"माझ्या तीन नंबरचं असंच.
धोटा पेटीत पोचायच्या आत
ठोका मारायला बघालता.
पुली बदलून हळू केला. आता कापड बघ ये."
आणि चार्जर न घेताच गेले.

हुशार पडदे असतात, चित्रासाठी थांबणारे.
प्रज्योतचा तसला नव्हता,
शहापुरात जुना घेतलेला, बावीसशेला.
आणि त्याच्या कार्डाला साठ झेपत नाही,
हे त्याच्या तोंडावर मला सांगवेना.
पन्नास झेपतं. दिवसभर झेपतं.
पडद्याला पन्नासावर आणलं, गेमला पन्नासावर बांधलं.
भिंतीतली वीजही पन्नासच, मागांची मोटरही.
टिचकी परत मारली.

घोडा चालला.
गवत एका बाजूला कललं, परत आलं.
प्रज्योत काही बोलला नाही बराच वेळ.
मग, "साठ न्हाई?"
"न्हाई."
"पोरं हसतील."
मी कोपऱ्यातला आकडाच बंद केला.

नदीच्या वेशीत एकदा अडकलंच.
"हे?"
"हे राहणार. पहिल्यांदा जाशील तिथं
मशीन उभ्या उभ्या रंग कालवतंय.
दुसऱ्यांदा नाही अडायचं."
मागं फिरून तो परत वेशीतनं गेला.
परत फिरला, परत गेला.
तेवढ्यात फोन. "तडी अव्वा, बंदे,"
आणि तिसऱ्यांदा गेला.

तीनशे म्हटलं होतं. दोनशे देऊन,
पोतं पायात धरून निघाला.

साडेसहाला लाइट गेली.
माग एकदम थांबत नाहीत.
एक, मग दोन मिळून,
आणि तीन नंबर, का कुणास ठाऊक,
बाकीचे गप्प झाल्यावर आणखी दोन ठोके मारून.
मधलं अंतर मी मोजायला गेले,
तर आपलं
माझंच बोट चुकलं.