दुदांडी

फोटोत शिवराई शिवराईसारखी येत नाही.
ट्यूबखाली गुलाबी, खिडकीत पिवळी,
फ्लॅश मारला की मधोमध पांढरा ठिपका
आणि ‘श्री राजा शिव’मधला शिव गायब.
शेवटी सुनेनं पोळपाट उलटा ठेवला,
त्यावर तिची काळी ओढणी.
म्हणाली, बाबा, श्वास रोखा.
एकवीस फोटो. चार चालले.

मी पिंपरीत तेहेतीस वर्षं लेथवर.
व्हर्नियर अजून घरात आहे, व्यास दिला दशांशात.
वजनासाठी सोनाराकडे गेलो. मोडायचंय? त्यानं विचारलं.
म्हटलं, नुसतं मोजायचंय.
त्याचे दहा रुपये.

लिलाव सात दिवसांचा.
सहा दिवस कुणी फिरकलं नाही,
सातव्या रात्री शेवटच्या दोन मिनिटांत दोघं भिडले.
आम्ही तिघं एका मोबाइलवर वाकलेलो.
सुलभा म्हणाली, मार्केट यार्डात
टोमॅटोच्या बोलीला निदान माणसं दिसतात.
सहाशे चाळीस.
लाइपझिगच्या एकानं आठशेचा निरोप धाडला होता,
पण एवढं जुनं नाणं देशाबाहेर जात नाही.
कायदा आहे, बरोबरच आहे.
तरी एकशे साठ रुपये रात्रभर खुडबुडत राहिले.

कमिशन शहात्तर रुपये ऐंशी पैसे.
त्या कमिशनवर जीएसटी, तेरा ब्याऐंशी.
यादीत लावायचे पंचवीस.
डबी, पुठ्ठा, फुग्यांचं प्लास्टिक, अठरा.
विम्यासकट कुरिअर ब्याण्णव, ते माझ्याच माथी,
कारण ‘डिलिव्हरी मोफत’ लिहिल्याशिवाय
कुणी ढुंकून बघत नाही म्हणे.
उरले चारशे चौदा अडतीस.
सोनाराचे दहा धरलेले नाहीत.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, आत काय?
नाणं.
काका, पैसे पाठवता येत नाहीत.
म्हटलं, हे आता पैसे नाहीत.
मग काय आहे?
मागे रांग होती.
मी लिहिलं: तांब्याची वस्तू.

दत्तवाडीतून निघालेली शिवराई
भिवंडीला गेली, तिथं दीड दिवस बसली,
पुण्याला परतली, आणि पोचली सहकारनगरला.
पर्वतीच्या पायथ्यानं चालत चाळीस मिनिटं.

मग शेरा आला. एक तारा.
‘नाणं घासलेलं आहे. विक्रेत्यानं लपवलं. पैसे परत.’

लपवलं! जुन्या बाजारात एका बुधवारी
पाळी बुडवून, चार रुपयांना घेतलेली.
मी फोटो मोठा केला, भिंग लावलं,
मोतीबिंदूतून जेवढं दिसेल तेवढं बघितलं.
मग हळूच विचारलं, सुलभा,
खंडेनवमीला तू माझा व्हर्नियर, टूलबिटं पाटावर मांडतेस,
त्यात ही असते?
असते की. ताम्हण, पळी घासून झाली की
उरल्या चिंचेत तिलाही घेते. किती काळवंडते ती.
कधीपासून?
दरवर्षीच.

मावळा_९११ म्हणजे अर्ध्या चड्डीतला ईशान तापकीर,
इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष.
हातमोजा घालून त्यानं ती टेबलावर ठेवली.
मी नुसत्या बोटांनी उचलली,
त्याचं तोंड कसनुसं झालं.
काका, ह्या रेघा बघा.
बघितल्या.
चौतीस नवम्यांच्या, उजव्या हाताच्या,
गोल, बारीक, एकसारख्या.
असं फिनिशिंग लेथवर आलं असतं
तर आमच्या इन्स्पेक्टरनं डोळे मिटून पास केलं असतं.
हे त्याला सांगितलं. तो हसला नाही.
म्हणाला, तशीच ठेवा, हात लावू नका,
वीसेक वर्षांत परत रंग धरेल.
मी एकाहत्तरचा आहे, हे मात्र सांगितलं नाही.

कमिशन परत मिळालं.
यादी, डबी, कुरिअर मिळून एकशे पस्तीस बुडाले.
येताना पर्वतीपाशी उसाचा रस, पंधरा.
दीडशे झाले, बरोबर दीडशे.
सोनाराचे दहा अजून धरलेले नाहीत.