सैल टाका

आज चारला पास्कू आल्मेडा शेवटचा खेळणार.
पहिला हाफ आमच्याकडून, वेंगुर्ल्याकडून,
दुसरा शिरोड्याकडून.
कमिटीने तसं ठरवलंय, भांडण नको म्हणून.
मी दुकानाची एकच फळी काढलीय.
गिऱ्हाईक आलं तर येईल.

अकरा वर्षं तो आमचा होता.
निळी जर्सी, पाठीवर सात.
सात मी कापलेला, मी शिवलेला,
कडेने दुहेरी टाका,
कारण ओढल्याशिवाय त्याला
कुणी अडवू शकत नसे.
बर्फाच्या कारखान्यातून थेट मैदानात यायचा,
हात गार, मोजे ओले,
आणि डाव्या पायाने कॉर्नर असा वळवायचा
जशी उधाणात
खाडीच्या तोंडाशी होडी वळते,
बघणाऱ्याला वाटतं, गेली,
आणि ती आत आलेली असते.

मग एका मे महिन्यात शिरोड्याला गेला.
म्हणे त्यांनी होडीला इंजिन घेऊन दिलं.
म्हणे मिठागराच्या शेटने बहिणीचं लग्न लावलं.
म्हणे आमच्या सेक्रेटरीने
दोन हंगामांचे पैसे बुडवले.
हे शेवटचं 'म्हणे' नव्हतं,
सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही.
बेकरीवाल्या जुजेने त्याला पाव देणं बंद केलं,
आठ दिवस.
नवव्या दिवशी उधारीवर दिला.

आणि शिरोड्याच्या पिवळ्या जर्स्या
आल्या माझ्याचकडे.
पंधरा नग, रोख.
बायकोला सांगितलं, आजूबाजूला
नंबर शिवणारं दुसरं मशीन नाही.
होतं. आरवलीला होतं.
चौदा नंबर नीट शिवले.
साताला टाका सैल घातला.

फायनलला, संपायला वीस मिनिटं असताना,
आमच्या बबन मोंडकराने त्याला मागून ओढलं
आणि सात सुटला,
एका टोकाने लोंबला
दोरीवरच्या सुक्या बोंबलासारखा.
पास्कू तसाच धावला,
पाठीवर सात फडफडत,
आणि गोल घातला. आमच्यावर.
आणि नाचला.
हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही,
कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी मनसोक्त नाचला.
ते मला अजून पचलेलं नाही.
मान खाली घातली असती
तर तेही पचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जर्सी घेऊन दुकानात.
उसवलेली कड बोटाने चाचपली.
"मास्तर, दोरो संपललो काय?"
मी म्हटलं, हवा दमट आहे.
काउंटरवर वीस रुपये ठेवून गेला.
ती नोट मी कितीतरी दिवस मोडली नाही,
मग वीजबिलाला लागली.

काल रात्री दोन्ही जर्स्या घेऊन आला.
गुडघा सुजलेला,
बाकावर बसताना पाय हाताने उचलून ठेवला,
परक्याचा असावा तसा.
"दोनूय घट्ट करून दी."
मी निळी आधी घेतली.
पिवळी घेतली तेव्हा तो बाहेर बघत होता,
मुद्दाम, असं मला वाटलं.
पैशांचं तो बोलला नाही.
मीही नाही.

हाफ टाइमला मैदानाच्या मधोमध
त्याने निळी काढली.
पिवळी डोक्यातून घालेपर्यंत
उघड्या पाठीचा, केस पिकलेला एक माणूस
तिथे उभा होता,
कुणाचाच नव्हता,
आणि दोन्ही गावं गप्प.
मग कुणीतरी ओरडलं, "मेल्या!"
निळ्यांतून की पिवळ्यांतून, कळलं नाही.
माझ्या आईने मला आयुष्यभर
जेवायला याच शब्दाने हाक मारली,
आणि भावकीतल्या भांडणातही
तिला दुसरा शब्द लागला नाही.
जुजे शेजारी होता. म्हणाला, तू ओरडलास.
मी म्हटलं, तू.

आता सहा मिनिटं उरलीत.
चेंडू कुठे आहे, मी बघत नाही.
बबनचा पोरगा आमच्याकडून खेळतोय,
बापासारखाच आडदांड,
त्याने मागून पिवळी जर्सी मुठीत धरलीय
आणि ओढतोय.
मी टाका बघतोय.

धरून आहे.