हजेरीपट

माझ्या वहीत चार रकाने:
नाव, वय, दिवस, दर.
ओल्ड गोव्यात, बायंगिणीच्या वळणावर
पत्र्याच्या खोलीत बसून
दर शनिवारी मी ते भरतो.

बसव्वा, गदगची. वय?
"अंदाजानं घाल की. जास्त घातलंस तर दर वाढंल?"
नाही.
"मग कमीच घाल."
मी अडतीस लिहितो.
हात पंचावन्नचे आहेत,
चुन्यानं नखांच्या कडा खाल्लेल्या.

भिंतीचं वय मात्र पक्कं.
निळ्या पाटीवर तीन भाषांत लिहिलंय.
गाईड छत्रीच्या टोकानं आकडा दाखवतो
आणि माणसं माना वर करतात.
त्याच भिंतीच्या सांध्यांतलं गवत
बसव्वा मुळासकट काढते
चमच्याएवढ्या खुरप्यानं,
चारशे ऐंशी रुपये रोजानं.
पर्वरीत, बारा वर्षांच्या सोसायटीत
जिने पुसायला सहाशे मिळतात.

एकदा हिशेब मांडला:
शहर एका वर्षानं जुनं झालं
की रोज कितीनं उतरतो?
उत्तर पैशांत आलं, तेही अपूर्णांकात.
खोडून टाकलं.

आमचा गवंडी बाबुसो च्यारी म्हणतो,
हे शहर म्हातारं कुठलं,
हे तरणंताठं मेलं.
ताप आला, माणसं नदीच्या कडेनं खाली सरकली,
मागून घरंही गेली,
एकेक जांभा दगड सुटा करून, होडीत घालून, पणजीला.
"आता सांगा बाब, पणजीचं वय काय धरायचं?
आणि होड्या भरल्या त्यांना
रोज काय पडला?"

मला ठाऊक नाही.
माझी वही एप्रिलपासूनची आहे.

वय वाढलं की तिकीट वाढतं, हे खरं.
वय वाढलं की पाहुणे वाढतात,
पार्किंगला शिट्टी मारणारा पोरगा लागतो,
लिंबूसोडा तीस रुपयांचा चाळीस होतो.
बसव्वा घरून पाणी आणते.

पाच वाजता ती अंगठा देते.
शाईचं बोट सवयीनं भिंतीकडे जातं,
मध्येच थांबतं
(डाग पडला तर दंड आहे,
त्याची वही वेगळी)
आणि साडीवर चढवलेल्या
नवऱ्याच्या शर्टाला पुसलं जातं,
जिथे मागच्या शनिवारचा ठसा
अजून तसाच आहे.