परातीत पाच

खय्यूमभाईचं दुकान आज बंद.
लेकीकडं हुमनाबादला गेलाय, परवा येतो म्हणाला,
आणि आमची गाडी पहाटे चारला निघणार:
तीनशे खुर्च्या, अकरा कनाती, एक जनरेटर,
देवणीच्या पलीकडं लग्न.
मागची टायरं मधोमध घासलीत, पुढची एका कडेला.
बोट फिरवलं तर नक्षी अजून लागते,
जुन्या पितळी गडव्यावरच्या नावासारखी.

"घरीच करू," मन्मथ म्हणाला
आणि शर्ट काढून बाभळीला अडकवला.

जॅक एकच. खाली काळी माती,
त्यात सकाळी गाडी धुतली ती तिथंच.
गाडी वर जायची सोडून जॅकच खाली गेला,
मुकाट्यानं, कुणी बोलावल्यासारखा.
मग मी न्हाणीपुढची शहाबादी ओढत आणली,
दहा वर्षं जिच्यावर कपडे आपटलेत.
फरशीवर जॅक, जॅकवर गाडी,
गाडीच्या फटीत अजून मागच्या लग्नाच्या अक्षता.

पान्ह्याला पाईप जोडून तो त्यावर उभाच राहिला.
नट कुईऽऽ करून सुटला,
दारातल्या कुत्र्यानं कान टवकारले.

मागची सरळ पुढं, पुढची तिरपी मागं.
ऐकायला सोपं. पण एका जॅकवर म्हणजे
वाघ, शेळी आणि गवताचं कोडं.
म्हणून आधी स्टेपनी उतरवली.
सात वर्षं बुडाखाली लटकलेली,
अंगावर रबराचे नवेपणाचे केस तसेच,
आणि कडेनं बारीक भेगा.
रस्ता न बघताच वय झालं तिचं.
मन्मथनं तिला थोपटलं.
मी काही बोलले नाही.

तिसऱ्या चाकाला परातीत पाच नट.
मी मोजते. ते माझं कामच आहे.
तीनशे खुर्च्या जातात, दोनशे सत्त्याण्णव येतात,
मी वहीत नवरदेवाच्या मामाचं नाव लिहून ठेवते.

"पाचावर चालती की," मन्मथ म्हणाला.
"चालती. चारावरबी चालती.
कितीवर चालत नाही तेवढं सांग."
तो गप्प. मोबाईलची बॅटरी दातात धरून
परत गुडघ्यावर बसला.

"का हुडकलालाव?" म्हणत विरू बाहेर आला,
हातात पेन, अर्धवट गणित घरात.
सांगितलं तर गोदामात गेला
आणि फुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊन आला,
परकराच्या नाडीला बांधलेलं.
ओढू लागला अंगणभर,
बाजाराला निघालेल्या शेळीसारखं.

पहिल्या फेरीत चुंबकाला दाढी आली.
काळी, बारीक, ताठ.
"आई, माती लोखंडाची असती का?"
मला काय माहीत बाबा.
एवढी वर्षं हिच्यावर चालते,
हिला केस आहेत ते आज बघितलं.

दुसऱ्या फेरीत कनात शिवायचा दाभण,
आणि ती किल्ली,
जिच्यापायी दोन वर्षांमागं कुलूप फोडलं होतं.
तिघंही थोडा वेळ त्या किल्लीकडंच बघत राहिलो.

तिसऱ्या फेरीत, जॅकच्या अगदी बुडाशी,
टक्.

आवळायचे ते ओळीनं नाही, समोरासमोर,
भांडलेल्या व्याह्यांना पंगतीत बसवावं तसं:
याला थोडं, मग त्याला थोडं,
कुणालाच एकदम पूर्ण नाही.
स्टेपनी परत तिच्या जागेवर गेली.
विरूचं गणित राहिलं ते राहिलंच.

"पन्नास किलोमीटरवर परत आवळ," मी चारला सांगितलं.
त्यानं हूं केलं, ते गिअरच्या आवाजात गेलं.

साडेपाचला फोन वाजला तेव्हा हात साबणाचे.
कोपरानं उचलला.
"चोवीस," तो म्हणाला. हॅलो नाही, काही नाही.
मी म्हणलं, बरं.
शहाबादीला मधोमध जॅकचा गोल खड्डा पडलाय,
आता फेस तिथं येऊन थांबतो.