मधला काळोख

बारा चाळीस. टोकन एकोणतीस.
खापरे काका, दीपगृहावरून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेले,
प्लास्टिकच्या पिशवीतून एफडीच्या पावत्या काढतात.
डाव्या कानात वायर. शर्टाच्या खिशातून
मोबाइलचा कॅमेरा बाहेर बघतोय.

"मोडायची आहे. सगळी."

हा माणूस माझ्याशी कधी असं बोलत नाही.
चतुर्थीच्या आधी नोटा न्यायला येतो तेव्हा
"कोऱ्यो दी गो बाय" म्हणतो.
आज पुस्तकातलं मराठी.
म्हणजे कोणीतरी ऐकत होतं.

कशाला हवेत, मी विचारलं.
"जमीन घेतोय."
पण त्याआधी थांबले,
पढवलेलं आठवताना पोर थांबतं तेवढे.

हे थांबणं मला ठाऊक आहे.
गेल्या श्रावणात सुरंगी, सुक्या मासळीवाली,
याच काचेपलीकडे अशीच थांबली होती.
एक लाख चाळीस हजार.
शिक्का नीट उमटला नाही
म्हणून मी दुसऱ्यांदा मारला.

पैसे काढायची स्लिप उलटी केली, लिहिलं:
फोनवर पोलीस आहेत? असतील तर चष्मा काढा.

काकांनी चष्मा काढला.
काचा पुसायला लागले, पुसतच राहिले.

लिहिलं: पोलीस फोनवर अटक करत नाहीत. कापा.
दोरीला बांधलेलं पेन त्यांनी ओढलं,
अक्षर लॉगबुकातलं, सरळ, हात मात्र हलत होता:
रजनीला उचलतील. पुण्यात.

मागे टोकन तीस खोकला.
मॅनेजर जेवायला गेलेले.
आणि मला काय आठवावं,
तर सातवीची सहल. गोल जिना, रॉकेलचा वास,
आणि वर उभे राहून सांगणारा हाच माणूस:
"उजेड सगळ्यांचो सारकोच, पोरांनू.
दिवो वळखूचो तो मधल्या काळोखावरसून.
मोजा. आमचो नऊ."

स्लिपवर जागा उरली नव्हती. कडेला लिहिलं:
यांनी तुम्हाला काळोख किती दिला?

बराच वेळ वाचत राहिले.
मग म्हणाले, मोठ्याने, आपल्या भाषेत,
"कालपासून नाय गो. निजतानाव चालू ठेव म्हणाले."

वायर ओढली तसा आवाज सगळ्या बँकेत सांडला:
मिस्टर खापरे, फोन मत काटना, मिस्टर खापरे,
आपके घर टीम निकल चुकी है, मिस्टर
टोकन तीस हसला. मग नाही हसला.

काकांनी कापला.
ओठ हलत होते. एक. दोन. तीन.
चारला पुन्हा वाजला.
त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, समुद्राकडे बघावं तसं डोळे बारीक करून.
"हो आपलो दिवो न्हय," म्हणाले
आणि वाजणारा फोन पावत्यांच्या पिशवीत टाकला.

रजनीला माझ्या फोनवरून लावला.
"बाबा, डबा खातेय. काय झालं?"
ते काही बोललेच नाहीत. ती चावत होती तेवढं ऐकत राहिले.
मग एकोणीसशे तीस लावून मी त्यांच्या हातात दिला
आणि टोकन तीसला हाक मारली.

संध्याकाळी बाजारात सुरंगीने
रोजच्यासारखी सुकटीची पुडी बांधली.
म्हटलं, सुरंगे, शिक्को मीयाच मारलेलो.
सुट्टे मोजता मोजता ती म्हणाली,
"माका म्हायत आसा. दोनदा."

तिच्या टोपलीत, फडक्याखाली, फोन वाजत होता.
तिने वाजू दिला.